टोकाचा कठडा

त्या वर्षी खाडीने हात आखडता घेतला. ओहोटीला गाळात उतरलेल्या बायका अर्ध्या टोपल्या घेऊन परतायच्या, आणि त्यातल्याही निम्म्या शिंपल्या आधीच मेलेल्या, तोंड उघडलेल्या, वास मारणाऱ्या. कुणी म्हणे वरच्या कारखान्याचं पाणी, कुणी म्हणे हवाच बदलली. कारण काही का असेना, टोपली रिकामी ती रिकामीच. म्हणून खाडीच्या काठाने लाकडी वाट बांधायचं काम निघालं तेव्हा निम्मी वस्ती तिथे लोटली. ज्या चिखलात वाकून वाकून पाठीचे मणके झिजले, त्याच चिखलावरून इतर लोकांनी पाय न भिजवता फिरावं, बगळे बघावेत, म्हणून आता खांब रोवायचे होते.

आणि ही वाट साधी नव्हती. मुकादमाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, की ही म्हातार्‍यांसाठी, पांगळ्यांसाठी, चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी आहे. पायरी एकही नाही. उतार असा की खुर्ची लहान मूलसुद्धा ढकलेल. रस्त्यापासून निघायचं, लव्हाळ्यांतून जायचं, आणि थेट खाडीच्या मुखाशी, उघड्या पाण्यासमोर, एका कट्ट्यावर थांबायचं.

सुताराच्या बायकोने ते ऐकलं आणि दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. कारण घरी सासू होती.

सासू म्हणजे एके काळची खाडीची मालकीणच. सगळ्यात आधी गाळात उतरायची, सगळ्यात शेवटी वर यायची. तिची स्वतःची होडी होती, उथळ, चपट्या बुडाची. नवर्‍याने बांधून दिलेली. नवरा गेला, होडी राहिली. मग एका पावसाळ्यानंतर बांधाच्या निसरड्या पायर्‍यांवरून डोक्यावरच्या टोपलीसकट ती खाली आली आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्या पायर्‍यांना कठडा लावायचं मुलाने कितीदा कबूल केलं होतं. मुलगा सुतार, घरात लाकूड, घरात खिळे. पण लोकांची कामं आधी, घरचं उद्या. तो उद्या उजाडलाच नाही.

तेव्हापासून सासू खाटेवर. खिडकीतून दिसायचा तो नुसता बांध, मातीचा, उंच. पलीकडे पाणी आहे हे आवाजावरून कळायचं. काही दिवस ती बांधाकडे बघत राहिली, मग एक दिवस भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवण दोन घासांवर आलं. शेजारची काकू येऊन बघून जायची आणि अंगणात आल्यावर सुनेला हळूच म्हणायची, "तयारीत राहा बाई." काकूचा आवाज हळू असला तरी भिंतीला ऐकू जायचा, मग सासूला का नाही जाणार?

त्या संध्याकाळी सुनेने ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, "आई, खाडीवर वाट बांधतायत. लाकडाची. खुर्ची जाते तिच्यावरून. थेट मुखापर्यंत."

सुनेने ताट खाटेजवळ सरकवलं.

"पायरी नाही म्हणे एकपण."

सासू भिंतीलाच म्हणाली, "मुखापर्यंत कशी जाईल? तिथे गाळ छातीएवढा आहे. खांब गिळून टाकेल."

"लांब खांब घालतायत."

"किती लांब?"

सुनेने हात पसरून दाखवले. दाखवलेलं बघायला सासूला मान वळवावी लागली. त्या रात्री ती चार घास जास्त जेवली.

मग तो रिवाजच पडला. सून चिखलाने माखलेले पाय अंगणात धुऊन आत आली की खाटेवरून प्रश्न यायचा, "आज कुठवर आलं?" मोडक्या बांधापर्यंत. वाकड्या झाडापर्यंत. जिथे तुमची चप्पल रुतली होती म्हणता तिथपर्यंत. सासू डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच दुरुस्ती करायची, "वाकड्या झाडाच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे मऊ आहे, सांग त्यांना." सून मान डोलवायची. सांगणार कुणाला? मुकादम स्वतःच्या बायकोचंही ऐकत नसे.

त्या मुकादमाला सगळे भोंगा म्हणत. त्याला हळू बोलता येतच नसे; कानात गुपित सांगितलं तरी खाडीपलीकडचे बगळे उडायचे. सुताराचं नाव पडलं होतं गिरमिट, कारण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती आरपार जाईपर्यंत तो फिरत राहायचा. त्यामुळे त्याची बायको आपोआप गिरमिटीण झाली. तिला कुणी विचारलं नाही.

काम जिवावरचं होतं. ओहोटी लागली की खाली उतरायचं, भरती पोटर्‍यांना लागली की वर यायचं. खांब खांद्यावर घेऊन गाळात चालताना एक पाय काढावा तोवर दुसरा गुडघ्यापर्यंत जायचा. तुटक्या शिंपल्यांनी तळवे चिरायचे, खारं पाणी त्यात शिरायचं आणि रात्री पाय पेटल्यासारखे व्हायचे. सुनेच्या उजव्या खांद्यावर फळ्यांनी घट्टा पडला होता. ती त्याला गंमतीने पदक म्हणायची. एकदा नवर्‍याने त्याला तेल लावायला हात लावला तर कळवळून म्हणाली, "पदकाला हात लावायचा नाही, सरकारी आहे."

सुतार वर फळ्या बसवायचा. हाताने कारागीर आणि स्वभावाने संशयी. आणि संशयाला भोंग्याने भरपूर खतपाणी घातलं होतं. फळ्यांना स्क्रू लावायचे होते, भोंग्याने खिळे आणले. खांबांना डांबर दोनदा लावायचं होतं, एकदाच लागलं, तेही पातळ. सुताराने विचारलं की भोंगा गरजायचा, "नकाशात तसंच आहे!" काहीही चोरलं की ते नकाशात असायचं. नकाशा भोंग्याच्या पिशवीत, आणि पिशवी भोंग्याच्या काखेत.

एकदा साहेब पाहणीला आले तेव्हा भोंग्याने सगळ्या मजुरांना लव्हाळ्यांमागे बसायला लावलं. चिखलाची माणसं फोटोत बरी दिसत नाहीत म्हणे. साहेब जाईपर्यंत बायकापुरुष डासांत उकिडवे बसून राहिले. पण त्याच दिवशी साहेब भोंग्याला म्हणाले, की उद्घाटनाला खुर्चीत बसवायला इथलंच कुणीतरी मिळालं तर उत्तम. भोंग्याचा आवाज असा की त्याने दिलेलं उत्तर लव्हाळ्यांमागेही पोचलं. "आहे ना साहेब! आमच्या गिरमिटची म्हातारी आहे! एक नंबर पांगळी!"

सुतार खाली मान घालून बसला. सुनेला राग यायला हवा होता. आला तो आनंदच. आनंद कुठल्या वाटेने येतो ते बघत बसायची तिला सवड नव्हती.

सासूला सांगितलं. दुसर्‍या दिवशी सुनेकडून तिने केस धुऊन घेतले. "होडी कशी आहे गं?" तिने विचारलं.

"आहे की. अंगणात पालथी."

"फळ्या सुकू देऊ नको. अधूनमधून पाणी मार."

होडी घराच्या मागच्या अंगणात होती, खाटेवरून दिसत नसे. सून खरोखरच तिच्यावर पाणी मारायची.

वाट मुखाशी पोचली आणि टोकाचा कट्टा झाला. त्याच्यापुढे जमीन संपते. खाली काळाशार गाळ, त्याच्यापुढे उघडं पाणी, आणि ओहोटीला पाण्यातून पाठ वर काढणारी वाळूची लांब पट्टी. तिथे सासूने उभा जन्म काढला होता. कट्ट्याचं काम सुताराकडेच आलं, आणि कठड्याचं लाकूड हातात आल्यावर त्याचं डोकं फिरलं.

बाकीच्या सगळ्या वाटेला कमरेच्या वर येणारा, फळ्यांचा कठडा. आणि इथे, जिथे खाली सगळ्यात खोल, तिथे मांडीएवढा. वर एक बारीक दांडा, मध्ये नुसत्या तारा.

"फळ्या कुठायत?" त्याने विचारलं.

"एवढ्याच," भोंगा म्हणाला. "नकाशात तसंच आहे."

"नकाशात आहे का पिशवीत आहे?"

"ए गिरमिट! तोंड सांभाळ! मोकळं ठेवायचंय म्हणून सांगितलंय वरून!"

"मोकळं? चाकाची खुर्ची इथवर येणार, उताराने जोर धरलेली. ब्रेक नाही लागला तर? तारांनी काय अडणार, डोंबल? फळ्या खाल्ल्यास तू मुकादम, आणि मरणार कोण? पांगळं माणूस मरणार!"

भोंगा पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलला. "आईशप्पथ, ह्या वेळेला नाही रे खाल्ल्या."

आता खरं सांगायचं तर भोंगा त्या दिवशी खरं बोलत होता. पण इतक्या खोट्यांच्या रांगेत एकटं खरं उभं राहिलं तर ते ओळखायचं कुणी?

घरी आल्यावर सुतार जेवला नाही. भोक पाडायचं काम डोक्यात सुरू झालं होतं. "ती पडताना मी बघितली आहे," तो बायकोला म्हणाला. "मी खाली उभा होतो. कठडा असता तर धरला असता तिने."

"मग काय करणार? लाकूड कुठून आणणार?"

तो मागच्या दाराकडे बघत राहिला. सुनेला कळलं.

"वेडे झालात का? त्यांच्या जिवाचा तुकडा आहे तो."

"जीवच राहिला नाही तर तुकडा काय करायचाय? ती काय पुन्हा होडीत बसणार आहे?"

सुनेने नको म्हटलं, पण दुबळं म्हटलं. सुट्टीच्या दिवशी त्याने होडी ओढत दूर नेली, आवाज खाटेपर्यंत जाऊ नये म्हणून. पटाशी घालून एकेक फळी सोडवली. जुनं लाकूड, तेल प्यालेलं, दगडासारखं. बापाने ठोकलेले खिळे निघताना कुईं कुईं करत होते. एका फळीला पत्र्याचं ठिगळ होतं, गोल डोक्याच्या खिळ्यांनी बसवलेलं, आणि टोकाला दोरासाठी भोक. सुताराच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने घामात पुसून टाकलं.

फळ्या दोघांनी मिळून टोकापर्यंत वाहिल्या. त्याने खांबांना जोड देऊन कठडा छातीपर्यंत चढवला, फळीला फळी भिडवून. सुनेने दुसरं टोक धरलं. हाताने हलवून बघितलं, खांदा देऊन बघितलं, पाठ लावून धक्के मारून बघितलं. हूं की चूं नाही. मग ती दमून कठड्याला टेकून खाली बसली. समुद्राकडून येणारा वारा तिथे लागत नव्हता. किती बरं वाटलं तिला! "छान आडोसा झालाय," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

भोंग्याने दुसर्‍या दिवशी ते बघितलं, डोकं खाजवलं. फुकटचं लाकूड, मजबूत काम. "असू दे," तो म्हणाला. पाहणीवाल्याने कठडा हलवून बघितला, हलला नाही, पास केला.

"होडीवर पाणी मारलंस का?" सासूने त्या संध्याकाळी विचारलं.

"मारलं," सून म्हणाली. अंगणात होडीच्या आकाराचं फिकट, पांढरं पडलेलं गवत उरलं होतं. त्याच्यावर तिने पाणी मारलंही होतं. कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

उद्घाटनाच्या दिवशी सुताराने आईला पाठीवर घेतलं. सून मागून पाय सावरत होती. आईचं वजन आता राहिलं नव्हतं; लाकडाची मोळी जड लागेल. तिने ठेवणीतलं लुगडं नेसायचं ठरवलं होतं, ते कमरेवर टिकेना तेव्हा सुनेने दोरीने बांधून दिलं होतं.

वाटेच्या फाटकाशी खुर्ची टेम्पोतून आली होती. चकचकीत, सीटवरचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच. सुतार आईला बसवायला वाकला तसा टेम्पोवाला धावत आला. "थांबा थांबा!" त्याने गाडीतलं एक पोतं आणून सीटवर पसरलं. "परत न्यायची आहे. डाग नको."

"परत?" सून म्हणाली. "इथेच राहणार ना ही? फाटकापाशी?"

"छे हो! आजच्यापुरती."

सासूने ऐकलं. "बसव रे मला," ती मुलाला म्हणाली. "आजच्यापुरती तर आजच्यापुरती."

फीत कापली. टाळ्या झाल्या. सुतार खुर्ची ढकलू लागला आणि सासूच्या चेहर्‍यावर असं काही आलं की सुनेला चालता चालता हुंदका आला. सासू एकेक जागा ओळखत होती. "हा मोडका बांध. हे वाकडं झाड. मेलं अजून वाकडंच आहे! हळू ने रे, हळू." चाकं फळ्यांवरून टकटक वाजत होती. लव्हाळी दोन्हीकडून उंच. वारा खारा झाला, पाण्याचा आवाज जवळ आला. ओहोटी लागली होती. साहेबांनी वेळ बघून ठेवली नव्हती, पण नशिबाने बरोबर जमली होती. वाळूची पट्टी वर आलेली असणार. सासूने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले आणि मान पुढे काढली.

मग कट्टा आला, आणि खुर्ची कठड्यासमोर उभी राहिली.

सुनेने समोर बघितलं. पट्टी उन्हात चमकत होती, तिच्यावर पक्षी पसरले होते, पाणी मागे मागे सरत होतं. ती सासूला म्हणणार होती, बघा आई! तिने खाली बघितलं. सासूचे डोळे जिथे होते तिथे फळी होती. वर फळी, खाली फळी.

मोकळं ठेवायचंय, वरून सांगितलंय. सुनेला ते आत्ता समजलं, आत्ता, टाळ्या वाजत असताना.

साहेब कठड्यावर कोपरं टेकून उभे राहिले. "वा! काय दृश्य आहे! आजी, बघितलंत?"

"हो," सासू म्हणाली.

"आजी, समोर बघा, समोर," फोटोवाला म्हणाला. सासूने समोर बघितलं. फोटो निघाला.

मग तिचा हात उठला. पत्र्याच्या ठिगळावरून फिरला, गोल खिळ्यांवरून फिरला, आणि टोकाच्या भोकापाशी थांबला. तिने बोट आत घातलं.

"ही फळी कुठली रे?" तिने विचारलं.

सुतार ह्या प्रश्नाची कधीपासून वाट बघत होता. "आपलीच, आई! होडीची! ह्यांनी नुसत्या तारा लावल्या होत्या. म्हटलं, तुझी खुर्ची इथे येणार. आता हत्ती धडकला तरी हलायची नाही. हे बघ, आतून पट्ट्या दिल्यात—" पट्ट्या दाखवायला तो उत्साहाने तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. त्याचं तोंड आईच्या तोंडाशेजारी आलं. त्याने हात लांब केला आणि समोर बघितलं.

हात तसाच राहिला.

सुनेने नवर्‍याचा चेहरा बघितला आणि नजर वळवली. तो जन्मात कधी विसरता येणार नाही असा चेहरा होता.

"चांगली बसवलीस," सासू म्हणाली. तिने फळीवर थोपटलं. "हलत नाही."

"आई, उचलतो तुला. चल, उचलतो. धर गळ्याला."

"अहो, नको नको!" साहेब घाईने म्हणाले. "इथे उचलाउचली नको. पडल्याबिडल्या तर? मुकादम!"

"राहू दे," सासू म्हणाली. "माझं लुगडं सुटेल. लोक बघतायत."

टेम्पोवाला घड्याळ दाखवत होता. खुर्ची वळली.

संध्याकाळी सुतार हातोडी आणि पटाशी घेऊन गेला. फाटकाला कुलूप होतं, आणि कुलपाशेजारी भोंग्याचा मेहुणा, नव्या गणवेशात. राखणदाराची जागा सुताराला मिळेल असं भोंगा महिनोन्महिने म्हणत आला होता. सुताराने त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

"एक फळी काढायची आहे टोकाची," तो म्हणाला. "माझीच आहे."

"लावलीस तेव्हाच ती सरकारची झाली. कठडा पास झालाय."

"खुर्चीतून दिसत नाही रे काही."

"खुर्ची आहे कुठे आता?" मेहुणा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. खरं तेच बोलला. "आणि ती हातोडी-पटाशी घरी ठेव. चिखलात उतरायला बंदी आहे उद्यापासून. शिंपल्यासुद्धा काढायच्या नाहीत. घरी सांग."

सुतार परत आला तो आत आलाच नाही. मागच्या अंगणात गेला आणि पांढर्‍या गवताच्या मधोमध बसून राहिला, जिथे होडी पालथी असायची. सुनेने दोनदा हाक मारली. मग नाद सोडला.

तिने सासूचं ताट वाढलं आणि खाटेपाशी येऊन बसली. सासूने भिंतीकडे तोंड केलं होतं.

"आई, दोन घास खा."

सासूने एक घास घेतला, दुसर्‍याला मान हलवली. तिच्या अंगावर तेच ठेवणीतलं लुगडं होतं. बदलू दिलं नव्हतं. खिडकीबाहेर बांध काळा होत चालला होता आणि पलीकडे भरती चढल्याचा आवाज येत होता.

"मी पाठ लावून बसले होते त्या फळीला," सून म्हणाली. तिला रडू आवरेना. "खाली बसले होते हो आई, तुमच्याएवढीच. तरी माझ्या ध्यानात आलं नाही."

सासूने हात मागे करून सुनेचा खांदा चाचपला, घट्ट्याची जागा तिला सापडली, तिथे जराशी थांबली आणि हात परत घेतला.

हीच वेळ असायची. पाय धुऊन आत आलं की प्रश्न यायचा, आज कुठवर आलं. सून मांडीवर ताट घेऊन बसून राहिली. भात गार झाला, त्याच्यावर साय धरल्यासारखी झाली, तरी ती बसून होती. प्रश्न आला नाही. वाट पुरी झाली होती, आता कुठवर येणार ती?